दुधाचा हात

"सुवर्णा, आवर लवकर. ऊन चढायच्या आत बार्शी गाठू," विलास म्हणाला. मी पुढं केलेल्या कपात त्यानं वाकून पाहिलं. "मावशी, कोरा चहा?"

"कोराच. आमच्या घरात आता दूध येत नाही."

जीपचा ड्रायव्हर ओट्यावर बसला होता, तो फिस्सकन हसला. हसणारच. आमच्या मागच्या दारातून पाहिलं की खव्याची भट्टी दिसायची. भट्टीवर माणूस आत बसेल एवढी लोखंडी कढई, आणि कढईत उजाडल्यापासून दूध उकळत असायचं. आसपासच्या सगळ्या वस्त्यांचं दूध आमच्याकडं यायचं. गावात कुणाच्या अंगाला बाभळीच्या धुराचा आणि खव्याचा वास आला, की तो आमच्या घरून आला असं लोक ओळखायचे. अशा घरातली म्हातारी पाहुण्याला कोरा चहा देत होती.

सुवर्णा माझी सून आणि विलास तिचा थोरला भाऊ. तो बहिणीला आणि भाचीला न्यायला आला होता. सणाला नेतात तसं नव्हे, कायमचं. बार्शीत त्यानं खोली बघितली होती. माझा मुलगा हरिदास, त्याच्यासाठी तेलाच्या मिलमध्ये कामही बघून ठेवलं होतं.

हरिदास उंबऱ्यावर बसून होता. आत बायको गाठोडं बांधत होती आणि मागं बाप दूध हलवत होता. त्याला ना इकडं बघवत होतं, ना तिकडं.

"आबा कुठायत?" विलासनं विचारलं.

"कुठं असणार? कढईपाशी."

"मी आल्याचं कळलं नाही का त्यांना?"

"कळलं, म्हणूनच तिथं आहेत," मी म्हणाले.

ऋतुजा माझी नात. तेव्हा नुकती भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. तिच्या उष्टावणाच्या दिवसापासून हे सगळं सुरू झालं. आमच्याकडं बाळाला पहिला घास मामा भरवतो. त्या दिवशी आमच्या मालकांनी, म्हणजे ऋतुजाच्या आबांनी, स्वतः खीर केली होती. आटवून आटवून तिला गुलाबी रंग आणला होता. विलासनं चांदीच्या चमच्यानं बोटभर खीर नातीच्या ओठाला लावली. लेकरानं ती मिटक्या मारत खाल्ली. सगळे हसले. आणि हसू पुरतं संपायच्या आत तिचे ओठ सुजले. अंगभर गांधी उठल्या. तिनं भडाभडा ओकून टाकलं, मग मान टाकली. हरिदासनं मोटारसायकल कशी पळवली ते त्यालाच ठाऊक.

बार्शीच्या डॉक्टरीणबाईंनी लेकराला सुई दिली, दोन रात्री ठेवून घेतलं, आणि मग आम्हाला समोर बसवलं.

"हिला दुधाची ॲलर्जी आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे पचत नाही?" मी विचारलं.

"पचायचा प्रश्न नाही, आजी. हिचं अंग दुधाला वैरी समजतं. दूध दिसलं की लढायला उठतं, आणि त्या लढाईत हीच जखमी होते."

मालक म्हणाले, "बाई, दूध कधी कुणाचं वैरी झालंय का? माणूस दुधावर वाढतो."

"बरीचशी लेकरं वाढतात. काही लेकरांचं असं होतं. त्यात कुणाची चूक नसते. पुष्कळदा मोठेपणी जातंही. पण तोवर थेंबसुद्धा नाही. आणि दूध म्हणजे नुसतं दूध नाही हं. दही, ताक, लोणी, तूप, खवा, पेढा, दुकानातलं बिस्किटसुद्धा."

तिथं आम्ही एकमेकांकडं पाहिलं. कारण आमच्या लेखी ह्या सगळ्या वेगळ्या जिनसा. ताक म्हणजे दूध, असं आम्हाला कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्यालाच डॉक्टरकडं नेलं असतं.

"शेळीचं चालंल का?" मी विचारलं.

"नाही. तेही नाही."

"मग गाढविणीचं? आमच्याकडं लहान लेकराला देतात."

बाई पहिल्यांदा हसल्या. "आजी, कुणाच्याच आईचं नको. फक्त तिच्या स्वतःच्या आईचं. आणि त्या आईनंही काही दिवस दूधदुभतं सोडायचं."

सुवर्णानं मान हलवली. त्या दिवसापासून तिनं ताकाचा घोट घेतला नाही. मी घरातली दुधाची सगळी भांडी भट्टीकडं नेली, चूल सारवून घेतली, नातीची ताटवाटी वेगळी केली. मूग, नाचणी, उकडलेलं रताळं असं तिला देऊ लागलो. दाराच्या आत दूध येईना. लेकरू बाळसं धरू लागलं.

पण गांधी थांबेनात. रोज नाही, पण अधूनमधून गालावर, मानेवर, कधी हनुवटीखाली उठायच्याच. एकदा डोळा सुजून बंद झाला. बाईंनी औषध दिलं आणि सुवर्णाला खडसावलं, "दूध कुठून तरी पोचतंय हिच्यापर्यंत. शोधा. आज गालावर आहे. उद्या तोंडात गेलं, घसा सुजला, तर तुमच्या गावाहून इथवर पोचेपर्यंत उशीर होईल."

आम्ही शोधलं. पांघरुणं उकळली. मी शेजारणींना, पोरीला काही चारलंत का, म्हणून विचारलं आणि दोघी-तिघी माझ्यावर रुसल्या. एकीनं दृष्ट काढायला सांगितली, तीही काढली. काही सापडलं नाही. मग एके दिवशी सुवर्णानंच भावाला निरोप धाडला, मला घेऊन जा. मला ते लागलं. तिनं आधी मला सांगायला हवं होतं, एकदा विचारायला हवं होतं.

जीपमध्ये गाठोडं चढलं तेव्हा मी हरिदासला म्हटलं, "आबांना बोलव. नातीला एकदा घेऊ दे."

मालक आले. घाणा नुकताच उतरवला होता. उलथण्याचा खवा बोटानं निपटून कढईत टाकला आणि त्यांनी हात पुसले. कसे पुसले ते सांगायला हवं, कारण आमच्या घरचा तो रिवाज होता. दुधाचा हात पाण्यात धुवायचा नाही. धुतलं की पाणी मोरीत जातं, आणि लक्ष्मी मोरीत गेलेली चालत नाही. माझ्या सासूबाईंनी लेकाला तो चालायला लागण्याआधी हे शिकवलं होतं. हाताचं दूध हाताला चोळायचं, दंडाला चोळायचं, उरलेलं केसाला आणि मिशीला. माझ्या मालकांची मिशी गावात नावाजलेली होती. भरघोस, आणि खव्यानं सदा चकचकीत. लोक म्हणायचे, नागनाथच्या मिशीला पीळ देऊन काडी लावली तर दिवा लागंल.

त्यांनी तसेच दंड चोळले, मिशीवरून हात फिरवला आणि हात पसरले. ऋतुजा त्यांच्याकडं झेपावली. तिला आबा म्हणजे जीव. तिनं गाल त्यांच्या दंडावर टाकला आणि मिशी मुठीत धरली. त्यांनी तिचा मुका घेतला. आणखी एक घेतला.

"बार्शीला गेल्यावर आबाला विसरशील का गं, भवाने?" ते म्हणाले.

विलासनं तोंड दुसरीकडं वळवलं. तो काही वाईट माणूस नव्हता. खिरीचा तो चमचा त्याच्याच हातात होता, आणि त्या दिवसापासून त्याला झोप नव्हती, हे मला सुवर्णानं सांगितलं होतं.

मालक परत मागं गेले. सुवर्णानं लेकराला घेतलं, टोपडं घालायला म्हणून तोंड उजेडाकडं वळवलं, आणि थांबली.

दंडाला टेकलेला होता तोच गाल लाल झाला होता. त्यावर गांधी उठत होत्या, आमच्या डोळ्यांदेखत. कपाळावर जिथं मुका घेतला तिथंही.

"बघा!" विलास ओरडला. "काही खाल्लं नाही, प्यालं नाही. हे घरच सोसत नाही हिला. चला, बसा गाडीत."

"आधी तोंड धुऊ दे तिचं," मी म्हटलं आणि लेकराला घेऊन आत गेले. सुवर्णा मागोमाग आली. मी गार पाण्यानं गाल, कपाळ, हात सगळं धुतलं. तिनं बाईंनी दिलेलं औषध पाजलं, छातीला कान लावून श्वास ऐकला. श्वास चांगला होता. लेकरू पाण्यात हात मारून हसत होतं.

मी सुनेकडं पाहिलं. ती माझ्याकडं पाहत नव्हती.

"सुवर्णा, तू पाहिलंस?"

"काय, आत्या?"

"आबांचे दंड."

ती पदरानं लेकराचं तोंड टिपत राहिली. टिपून झालं तरी टिपत राहिली.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"बाईंनी शोधा म्हटलं, तेव्हापासून बघतेय. आबा घेतात त्या दिवशीच उठतं. आबा बाजाराला गेले की उठत नाही."

"मग बोलली का नाहीस? निदान मला?"

"काय बोलू, आत्या?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज बारीकच ठेवला होता, बाहेर जाऊ नये म्हणून. "लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्यासमोर मी तोंड वर करून बोलले नाही. आणि पहिलंच बोलायचं ते हे? की तुमच्या हातानं माझी लेक आजारी पडते, तिला शिवू नका? दिवसभर तिच्या नावानं हाका मारत असतात. मेले असते ते. त्यापेक्षा घर सोसत नाही म्हणून निघून गेलेलं बरं. घराला काही वाईट वाटत नाही."

मी तिथंच मोरीच्या काठावर बसले. मी तिला माहेरच्या ओढीची म्हणत होते, आणि ती माझ्याच नवऱ्याला जपत होती.

"जीप थांबव म्हणावं," मी म्हटलं आणि भट्टीकडं गेले.

ते नवीन घाणा हलवत होते. पाठ माझ्याकडं.

"गेले का?"

"न्हाई अजून."

"मग तू कशाला आलीस धुरात?"

"हात बघू तुमचा."

"हाताला काय झालंय?"

मी त्यांचं मनगट धरलं आणि दंडावरून बोट ओढलं. बोट त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. ते चमकत होतं.

"हे काय?"

"काय म्हणजे? दूध."

"आणि मिशीत?"

त्यांचा मोकळा हात आपोआप मिशीकडं गेला आणि तिथंच राहिला.

"पोरीच्या गालावर तुमचा दंड उमटलाय," मी म्हटलं. "घरात दूध येत नाही, असं आपण म्हणत होतो. रोज तुम्ही आणत होता."

उलथणं थांबलं. एवढ्या वर्षांत कढईत दूध असताना त्यांचं उलथणं थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं वास आला.

"करपतंय," मी म्हटलं.

"करपू दे." ते कढईकडं पाहत होते. "सुनंला ठाऊक हाय?"

"हाय."

"आन बोलली न्हाई."

"तुम्हाला कशी बोलणार?"

"म्हणून चालली व्हय?"

त्यांनी भट्टीतली लाकडं ओढून मातीत विझवली, दोरीवरचं धुतलेलं धोतर खांद्यावर टाकलं आणि परसदारातून निघून गेले. कुठं, ते सांगितलं नाही. मी हाक मारली, पण वळले नाहीत.

विलास अस्वस्थ झाला. जीपच्या चाकाला लाथ मारून आला, ओट्यावर बसला, पुन्हा उठला. "मावशी, ऊन वर आलं. भाडं थांबलंय. आबा रुसले असतील तर रुसू द्या. लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे."

"जिवाचाच आहे म्हणून थांब म्हणतेय," मी म्हटलं. पण माझी नजर परसदाराकडंच होती. विहीर त्याच वाटेला होती. हरिदास उठला, विहिरीकडं दोन पावलं गेला, आणि तिथंच थबकला.

ते येत होते. विहिरीवर अंघोळ करून, लग्नाकार्यातलं पांढरं धोतर नेसून. केस ओले, अंग कोरडं, लख्ख. जवळ आले तसं आम्हाला दिसलं की तोंड वेगळंच आहे. मिशी नव्हती. नाकाखाली कोवळ्या कातड्याची फिकी पट्टी, जन्मात ऊन न लागलेली. वाटेतल्या दत्तू न्हाव्याच्या दुकानात बसून त्यांनी ती साफ काढली होती. लग्नात मी ज्या माणसाला माळ घातली त्याला मिशी होती. मिशीशिवाय ते कसे दिसतात ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

ते सुवर्णासमोर येऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पुढं केले, तळवे वर करून.

"पोरी, साबण लावलाय. दोनदा लावलाय. वास घेऊन बघ."

सुवर्णानं डोक्यावरचा पदर सावरला. वास घेतला नाही. नुसती लेक त्यांच्या हातात ठेवली.

आणि ऋतुजानं त्यांच्याकडं पाहिलं मात्र, भोकाड पसरलं. तिला तो माणूस ओळखेना. पाय झाडू लागली, आईकडं हात पसरू लागली. मालकांचा चेहरा पडला.

"आबा, ते तसं करा," हरिदास म्हणाला. "रेडकाला करता तसं."

त्यांनी जीभ टाळूला लावून टक् टक् केलं, म्हशीच्या पिलाला बोलावताना करायचे तसं. लेकरू गप्प झालं. निरखून पाहू लागलं. मग त्याचा हात वर गेला, ओठांवर मिशी चाचपू लागला, सापडेना तसं नाक धरलं. आणि हसलं.

आम्ही सगळे तिच्या गालाकडं बघत राहिलो. त्यांनी तिला दंडावर निजवलं, खांद्यावर घेतलं, मुके घेतले. सावली ओट्यावरून सरकली. विलास दोनदा जवळ येऊन वाकून पाहून गेला. जुन्या गांधी बसत चालल्या होत्या. नवी एकही उठली नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून धोंडिबा धावत आला. मालकांच्या बरोबरीचा, वरच्या आळीतला. दत्तूच्या दुकानावरून बातमी कळली होती. आमच्याकडं मिशी कधी उतरवतात ते ठाऊक आहेच. धोंडिबानं टोपी काढून हातात घेतली होती.

"नागनाथ! आरं, काय झालं रं? कोण गेलं? थोरली बहीण का?"

मालकांनी नातीला खांद्यावर नीट धरलं.

"कुणी न्हाई गेलं, धोंडिबा," ते म्हणाले. "जाणारं ऱ्हायलं."

धोंडिबाला काही कळलं नाही. विलासला कळलं. तो जीपपाशी गेला, गाठोडं उतरवलं आणि स्वतः आत आणून ठेवलं.

"महिनाभर बघू," तो म्हणाला. "पुन्हा उठलं तर नेणार हं मी. आत्ताच सांगतो."

"ने," मी म्हटलं.

"आणि मावशी, एक कोरा चहा ठेवा. मघाचा गार झाला."

न्यायची वेळ आली नाही. भट्टीचे कपडे भट्टीलाच राहू लागले. घरात यायच्या आधी हात साबणानं धुवायचे, हा नवा रिवाज झाला. पण धुतलेलं पाणी मोरीत सोडायला मालक तयार होईनात. ते घमेल्यात हात धुवायचे आणि घमेलं परसातल्या लिंबाच्या बुडाशी रिकामं करायचे. आईचा शब्दही राहिला आणि नातीचा जीवही.

माझंही एक काम वाढलं. दुकानातून येणाऱ्या पुड्यांत दूध आहे का ते वाचायला सुवर्णा दरवेळी घरी नसायची. मग मीच तिला म्हटलं, मला अक्षरं शिकव. पुड्यांवरच शिकले. पहिला वाचता आलेला शब्द 'दूध'. पुडीवर इंग्रजीतच लिहिलेलं असलं, तर त्याचीही खूण तिनं डोळ्यांना करून दिली. आज हे लिहितेय ते त्या पुड्यांच्या पुण्याईनं.

ऋतुजा पहिलीत गेली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता परीक्षा घेऊ. घरी नाही, दवाखान्यात, त्यांच्या डोळ्यांसमोर. आधी थेंब, मग चमचा, मग अर्धी वाटी, मध्ये थांबत थांबत. आम्ही सगळे बाकावर श्वास धरून. काही झालं नाही. बाई म्हणाल्या, "जा, आजपासून ही दुधाच्या घरची पोर."

संध्याकाळी मालकांनी ताज्या धारेचं दूध तापवलं, निववलं आणि पेला स्वतः तिच्या हातात दिला. गाव गोळा झालं होतं. धोंडिबाही होता. तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"आबा, ह्याला म्हशीचा वास येतो."

सगळे हसले, मालक सगळ्यांत मोठ्यानं. हसता हसता पेला हिंदकळला आणि दूध त्यांच्या बोटांवरून ओघळलं. हात सवयीनं वर गेला. मिशी त्यांनी पुन्हा कधी राखली नव्हती. हात ओठांपर्यंत जाऊन थांबला. मग ते उठले आणि परसदाराकडं निघाले.

"आबा, आता कशाला धुताय?" सुवर्णा म्हणाली. आता ती त्यांच्याशी बोलायची, आणि चांगली मोठ्यानं. "आता राहू द्या की."

"तुमचं भागलं गं," ते लिंबाकडं जाता जाता म्हणाले. "त्याला दुधाची सवय झालीय."